गिरणींतील अपघाताची खबर व नुकसानभरपाई
(सन १८८१ ते १९२४)

१

मुंबईच्या गिरणी-धंद्याचा इतिहास लिहितांना भांडवल, चात्यांची व मागांची संख्या, चीनकडे जाणारें सूत, जकातीचा तंटा आणि संप या गोष्टींचा विचार बहुधा केला जातो. परंतु ज्या यंत्रांवर हा धंदा उभा राहिला त्या यंत्रांत सांपडून ज्यांचा हात, बोट किंवा डोळा गेला, त्यांचें पुढें काय झालें, या प्रश्नाकडे इतिहासकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. अपघात हा क्षणाचा असतो. त्याची कथा खरी सुरू होते ती अपघात झाल्यानंतर. जखमीस कोणीं उचललें, खबर कोणास दिली, ती कोठें लिहिली गेली, आणि त्या लिहिण्यानें जखमी माणसाच्या घरीं कांहीं पोंचलें कीं नाहीं, याचा शोध घेतल्यावांचून गिरणी-धंद्याचा हिशेब पुरा होत नाहीं.

प्रस्तुत लेखाचा विषय इतकाच मर्यादित आहे. गिरणींत अपघात घडला म्हणजे त्याची खबर सरकारी अधिकाऱ्यास दिली पाहिजे, असा नियम हिंदुस्थानांत १८८१ सालीं झाला. त्या अपघाताबद्दल मजुरास कांहीं रक्कम हक्कानें मिळावी असा कायदा १९२३ सालीं झाला व तो १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. या दोन नियमांमध्यें त्रेचाळीस वर्षांचें अंतर आहे. एवढ्या काळांत खबर जात होती, पण भरपाई येत नव्हती. हें अंतर कां पडलें, आणि तें भरून काढण्याची मागणी प्रथम कोणीं केली, हें कालक्रमानें दाखविण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

जखमेच्या मानानें द्रव्य देण्याची कल्पना आपल्या इतिहासास अपरिचित नव्हती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यानें जी बखर लिहिली, तींत अफझलखानाच्या वधानंतरच्या व्यवस्थेचें वर्णन आहे. लढाईंत जखमी झालेल्यांस जखम पाहून दर असामीस दोनशें होनांपासून पंचवीस होनांपर्यंत रकमा दिल्या, कामास आलेल्यांच्या मुलांचें चालविलें, व पुत्र नसेल तेथें स्त्रीस निमें वेतन करून दिलें, असा त्या वर्णनाचा आशय आहे. पेशवाईंतही लढाईंत पडलेल्यांच्या मुलांबाळांस बालपरवेशी देण्याची वहिवाट होती. तथापि या गोष्टीवरून घाईनें अनुमान काढणें बरोबर नाहीं. हें सर्व धन्याच्या कृपेनें मिळे आणि तें प्रायः शिपाईगिरीच्या चाकरीपुरतें होतें. विहीर खणतांना दरड अंगावर आलेल्या बेलदारास किंवा घाण्यांत हात सांपडलेल्या गड्यास असें कांहीं मिळण्याचा नियम नव्हता. कृपा आणि हक्क यांमधील हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील हकीकतीचें मर्म कळेल.

२

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत सूतगिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं ताडदेव येथें तिचें काम चालू झालें. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ या भागांत गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं, आणि कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरीकडून, तसेंच घाटावरून हजारों माणसें त्यांत कामास आलीं. ज्यांनीं नांगर, होडी व हातमाग याखेरीज दुसरें साधन हाताळलें नव्हतें, त्यांची गांठ एकदम वाफेच्या बळाशीं पडली.

या बळाची रचना समजून घेतल्यावांचून अपघातांचीं कारणें समजत नाहींत. गिरणींत वाफेचें एक मोठें एंजिन असे. त्याच्या चक्रावरून निघालेले दोर अथवा पट्टे मजल्यामजल्यावरील शाफ्ट फिरवीत, आणि छताखालून जाणाऱ्या त्या शाफ्टवरून प्रत्येक यंत्राकडे एकेक चामडी पट्टा उतरे. यंत्रावर दोन कप्प्या असत, एक घट्ट व एक सैल. पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकविला म्हणजे यंत्र थांबे. पण वरचा शाफ्ट फिरतच राही. म्हणजे मजुरास आपलें यंत्र थांबवितां येई, परंतु त्या यंत्रास फिरविणारें बळ थांबविणें त्याच्या हातीं नव्हतें. पट्टा निसटला तर तो फिरत्या शाफ्टवर पुन्हां चढविण्याचा प्रसंग येई. अशा वेळीं धोतराचा सोगा, बंडीची बाही किंवा हातांतलें फडकें पट्टा व कप्पी यांच्या मध्यें गेलें कीं त्यामागोमाग हात जाई.

प्रत्येक खात्याचा धोका निराळा होता. कापूस फोडण्याच्या यंत्रांत आंतील दांतेरी रूळ फार वेगानें फिरतो. पोटांत तुंबलेला कापूस हातानें काढूं जाणाराचीं बोटें तेथें जात. कार्डिंग-खात्यांतील तारांचा मोठा दंडगोल इतका जड असतो कीं पट्टा सैल कप्पीवर नेल्यावरही तो बराच वेळ फिरत राहतो. यंत्र थांबलें अशा समजुतीनें झांकण उघडणाराचा घात होई. म्यूल नांवाच्या सूत काढण्याच्या यंत्राचा गाडा पुढेंमागें सरके, आणि तो पुढें आला असतां मागच्या जागेंतील पिंजण झाडण्यासाठीं लहान मुलें आंत शिरत. माग-खात्यांत लोखंडी टोंकाचा धोटा उडून शेजारच्या मागावरील माणसाच्या डोळ्यास लागण्याचें भय असे.

अपघात झाला म्हणजे मजुराचा निष्काळजीपणा, असें त्या वेळीं सर्रास म्हटलें जाई. यांत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. परंतु चालू यंत्र कां साफ केलें जाई, हा प्रश्न विचारला म्हणजे उत्तर वेगळें येतें. विणकराची मजुरी कामाच्या मापानें ठरलेली असे. यंत्र थांबलें तेवढी मजुरी बुडे. जॉबरास आपल्या खात्याचा माल पुरा करून द्यावयाचा असे. आणि कामाचा दिवस तर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा. बारा तास उभ्यानें काम केलेल्या माणसाचें लक्ष शेवटच्या तासांत ढळलें, तर तो दोष एकट्या त्याचा म्हणतां येणार नाहीं.

३

गिरण्यांस कायदा लावावा ही चर्चा सरकारच्या कापूस-खात्याचे अधिकारी मेजर मूर यांच्या अहवालापासून सुरू झाली. १८७५ सालीं लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं विलायतेंतील उमरावांच्या सभेंत हा विषय काढला. त्याच वर्षीं मुंबई सरकारनें मुंबईचे कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. त्या कमिशनच्या बहुमतास कायद्याची जरुरी वाटली नाहीं. मग १८७८ सालीं सोराबजी शापुरजी बंगाली यांनीं स्वतः एका बिलाचा मसुदा तयार केला. अखेर १८८१ सालीं पहिला हिंदी फॅक्टरी अ‍ॅक्ट पास झाला.

या कायद्यास देशी वृत्तपत्रांपैकीं बहुतेकांचा विरोध होता, आणि त्या विरोधास सबळ कारणही होतें. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईच्या गिरण्यांची चढाओढ खुपत होती. मजुरांविषयींची त्यांची कळकळ ही व्यापारी डावपेंचाची दुसरी बाजू आहे, असा संशय येथें घेतला गेला. तो सर्वस्वीं खोटा होता असें म्हणवत नाहीं. परंतु या वादाचा एक परिणाम असा झाला कीं मँचेस्टर काय म्हणतें व मुंबईचे मालक काय म्हणतात याचीच चर्चा झाली. ज्याचा हात गेला तो काय म्हणतो हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

१८८१ चा कायदा ज्या कारखान्यांत वाफेचें किंवा तत्सम बळ वापरलें जाई, शंभर किंवा अधिक माणसें असत व वर्षांत चार महिन्यांहून अधिक काळ काम चाले, त्यांसच लागू होता. त्यामुळें खानदेश-वऱ्हाडाकडील हंगामी जिनिंग कारखाने, जेथें स्त्रिया पहांटेपासून रात्रीपर्यंत जिनांपुढें बसत, त्यांतून सुटले. हंगामी कारखान्यांवर कायद्याची नजर १९११ सालीं पडली. सात वर्षांखालील मुलें कामास ठेवूं नयेत व सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, ही त्यांतील मुख्य तरतूद. मोठ्या माणसांच्या तासांस मर्यादा नव्हती. अपघातांसंबंधानें दोनच गोष्टी होत्या: एक, यंत्राच्या धोक्याच्या भागांस कुंपण घालावें, दुसरी, अपघात झाल्यास त्याची खबर अधिकाऱ्यास द्यावी.

आतां ही खबर गेल्यावर काय होई तें पाहूं. खबर इन्स्पेक्टरकडे जाई. तो यंत्र पाही, कुंपण होतें कीं नव्हतें याची चौकशी करी, नसल्यास घालण्यास सांगे, आणि कायदा मोडला असें दिसल्यास मालकावर अगर व्यवस्थापकावर खटला होऊं शके. खटल्यांत दंड झाला तर तो कायदा मोडल्याबद्दलची शिक्षा असे. ती गेलेल्या हाताची किंमत नव्हे. वर्षाच्या अखेरीस किती मेले, किती जखमी झाले यांचे आंकडे अहवालांत येत. याप्रमाणें अपघाताची मोजदाद होई, पण अपघातग्रस्त माणूस त्या मोजदादीनंतर दृष्टीआड होई. खबरीचा उपयोग यंत्रास झाला, पुढच्या मजुरासही थोडाबहुत झाला. ज्याच्यामुळें खबर दिली गेली त्यास मात्र झाला नाहीं.

मग दिवाणी कोर्टाचा मार्ग त्यास मोकळा नव्हता काय? नांवापुरता होता. १८५५ च्या तेराव्या अ‍ॅक्टान्वयें दुसऱ्याच्या गैरकृत्यामुळें कोणी मेला तर त्याची पत्नी, पति, आईबाप व मुलें यांच्या वतीनें फिर्याद करतां येई. जिवंत राहिलेल्या जखमीसही मालकाच्या हयगयीबद्दल दावा आणण्यास मनाई नव्हती. परंतु हयगय सिद्ध करण्याचा बोजा फिर्यादीवर. साक्षीदार म्हटले तर त्याच खात्यांतील सोबती, ज्यांची नोकरी त्याच जॉबरच्या हातीं. त्यांत १८३७ सालच्या एका निवाड्यापासून विलायतेंत असें तत्त्व रूढ झालेलें कीं सोबत्याच्या चुकीमुळें मजुरास इजा झाली तर मालक जबाबदार नाहीं, कारण असा धोका मजुरानें नोकरी पत्करतांनाच पत्करलेला असतो. ही सबब हिंदुस्थानांत पुढें करण्याची वाट १९३८ च्या कायद्यानें बंद झाली. ज्या गिरणींत दर यंत्र दुसऱ्याच्या हातावर अवलंबून, तेथें बहुतेक अपघातांत कोणा सोबत्याची चूक दाखवितां येते. एकंदरींत कोर्टाचें दार उघडें होतें, पण एक हात गमावलेल्या, पगार बंद झालेल्या व गांवीं परत जाण्याच्या बेतांत असलेल्या माणसास त्या दारापर्यंत पोंचणें शक्य नव्हतें.

४

अशा स्थितींत १८८४ साल उजाडलें. मुंबई सरकारनें फॅक्टरी कायद्याच्या विचारासाठीं दुसरें कमिशन नेमलें होतें. त्या वेळीं ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं सप्टेंबर महिन्यांत गिरणी-मजुरांच्या सभा भरविल्या. लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. ते जोतीराव फुले यांचे सहकारी, आणि एका गिरणींत त्यांनीं स्वतः नोकरी केलेली होती, त्यामुळें गिरणीची माहिती त्यांस ऐकीव नव्हती. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ त्यांनीं १८८० पासून मुंबईंत चालविलें. सभांत ठरलेल्या मागण्यांचा अर्ज कमिशनपुढें गेला व त्यावर सुमारें ५५०० मजुरांच्या सह्या होत्या.

त्या अर्जांत पांच मागण्या होत्या. रविवारीं सर्वांस सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. काम सकाळीं साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास बंद व्हावें. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत मिळावा. आणि पांचवी अशी कीं काम करीत असतां भारी इजा होऊन मजूर कामास निरुपयोगी झाला तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार द्यावा, व जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज करावी.

पहिल्या मागणीची कीर्ति झाली, आणि ती योग्यच आहे. पांचव्या मागणीकडे मात्र तितकें लक्ष गेलेलें नाहीं, म्हणून तिचा थोडा खोल विचार करणें जरूर आहे. तिच्यांत मालकाची चूक सिद्ध करण्याची अट नाहीं. कुंपण होतें कीं नव्हतें, सोबत्याचा दोष कीं स्वतःचा, याची विचारणा नाहीं. काम करीत असतां इजा झाली, एवढेंच कारण पुरेसें मानिलें आहे. शिवाय तात्पुरती इजा व कायमचें अपंगत्व असे दोन भाग पाडून पहिल्यास पगार व दुसऱ्यास निर्वाह असा निरनिराळा उपाय सांगितला आहे. हें तत्त्व त्या काळीं इंग्लंडांतही कायद्यानें मान्य झालेलें नव्हतें. तेथील १८८० चा कायदा मालकाच्या अगर त्याच्या अधिकाऱ्यांच्या दोषावरच उभा होता. दोष सिद्ध केल्याशिवाय भरपाई देणारा इंग्लंडांतील कायदा १८९७ चा. जर्मनींत मात्र अपघात-विम्याचा कायदा जुलै १८८४ मध्यें पास झाला, व मुंबईंतील सभा त्याच वर्षीं सप्टेंबरांत भरल्या. या दोहोंचा कांहीं संबंध होता असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. तिकडे राज्याच्या मुत्सद्द्यांनीं जें ठरविलें, तेंच इकडे अंगठे उठविणाऱ्या मजुरांनीं आपल्या अनुभवावरून मागितलें, एवढेंच येथें नमूद करावयाचें आहे.

या मागणीचें पुढें काय झालें? साप्ताहिक सुटीसाठीं चळवळ चालू राहिली. १८९० च्या एप्रिलांत सुमारें दहा हजार मजुरांची सभा झाली, तींत दोन स्त्रियांनींही भाषणें केलीं. आणि त्याच वर्षीं जूनमध्यें मालकांच्या मंडळानें रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या कायद्यानें मर्यादा शंभर माणसांवरून पन्नासांवर आणली, स्त्रियांच्या कामाचे तास अकरा केले, मुलांचें किमान वय नऊ वर्षें ठरविलें, आणि साप्ताहिक सुटीचा नियम केला. अर्थात् पहिल्या मागणीस सात वर्षांत कायद्याचें स्वरूप आलें. पांचव्या मागणीस त्या कायद्यांत जागा मिळाली नाहीं. लोखंडे १८९७ सालीं वारले. १९११ चा कायदाही या बाबतींत मुका राहिला. सुटीनें यंत्रें थांबतात, पण तीं सर्वांचीं एकाच दिवशीं थांबतात, त्यामुळें कोणा एका मालकाचें अधिक नुकसान होत नाहीं. भरपाईचा पैसा मात्र ज्याच्या गिरणींत अपघात झाला त्याच्याच पेटींतून जावयाचा. विरोधाची तीव्रता निराळी असण्याचें हें एक कारण असावें, असें आम्हांस वाटतें.

५

पहिल्या महायुद्धानंतर परिस्थिति पालटली. १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर-संघटना स्थापन झाली व हिंदुस्थान तिचा आरंभापासून सभासद होता. मुंबईंत मोठमोठे संप झाले. १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग काढणारे नारायण मल्हार जोशी हे १९२१ पासून मजुरांचे प्रतिनिधि म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळांत होते. १९२२ सालीं फॅक्टरी कायदा सुधारला गेला, आणि १९२३ च्या आठव्या अ‍ॅक्टानें मजुरांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. येथें एका गैरसमजाचें निरसन करणें जरूर आहे. हा कायदा जिनीव्हाच्या कराराची नक्कल होता असें कधीं कधीं म्हटलें जातें. परंतु औद्योगिक अपघातांच्या भरपाईसंबंधींचा त्या संघटनेचा करार १९२५ चा, म्हणजे आपल्या कायद्यानंतरचा आहे.

या कायद्यानें काम करीत असतां व कामामुळें झालेल्या इजेबद्दल मालकास जबाबदार धरलें; मालकाचा दोष दाखविण्याची गरज ठेवली नाहीं. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये यांपैकीं जी रक्कम कमी असेल ती. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये यांपैकीं कमी असेल ती. अंशतः अपंगत्वासाठीं कोष्टक केलें. उजवा हात कोंपरापासून किंवा त्याच्या वर गेला तर शेंकडा ७०, डावा गेला तर ६०, एक डोळा ३०, आंगठा २५, तर्जनी १०, इतर कोणतेंही बोट ५. सभासदानें ‘जखम पाहून’ होन दिल्याचें लिहिलें आहे. येथें जखम पाहण्याचें काम एका छापील कोष्टकानें केलें.

आंकडे स्पष्ट व्हावेत म्हणून महिना तीस रुपये मिळविणाऱ्या एका कल्पित मजुराचें उदाहरण घेऊं. त्याच्या पूर्ण अपंगत्वाची किंमत १२६० रुपये. उजवा हात कोंपरापासून गेल्यास ८८२, डावा गेल्यास ७५६, एक डोळा गेल्यास ३७८, आंगठा गेल्यास ३१५, आणि करंगळी गेल्यास ६३ रुपये. तो मेला तर त्याच्या कुटुंबास ९०० रुपये. तात्पुरती इजा असेल तर दर पंधरवड्यास पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे साडेसात रुपये. १८८४ च्या अर्जांत बरा होईपर्यंत पूर्ण पगार मागितला होता. चाळीस वर्षांनीं त्याचा निमा मिळाला.

६

कायदा झाला म्हणजे हकीकत संपली असें होत नाहीं. पूर्वीं खबर देण्यानें मालकाचा पैसा जात नसे. आतां जाऊं लागला. त्यामुळें अपघात झाला कीं नाहीं, कामामुळें झाला कीं नाहीं, किती दिवस टिकला, या प्रत्येक गोष्टीस महत्त्व आलें. फॅक्टरी कायद्याप्रमाणें ज्या इजेमुळें मजूर अठ्ठेचाळीस तास कामावर येऊं शकला नाहीं तिची खबर द्यावी लागे. भरपाईचा हक्क मात्र दहा दिवसांहून अधिक काळ टिकणाऱ्या इजेस. म्हणजे दोन दिवस व दहा दिवस यांच्या मध्यें पडणाऱ्या जखमा सरकारी वहींत दाखल होत, पण त्यांचा एक पैसाही मिळत नसे. ही मर्यादा १९३३ सालीं सात दिवसांवर व १९५९ सालीं तीन दिवसांवर आली.

कायदा करणारांस या अडचणींची कल्पना नव्हती असें नाहीं. मृताची भरपाई परस्पर न देतां कमिशनरकडे भरावी, असें त्यांनीं ठरविलें, कारण पैसा विधवेच्या हातीं पडण्यापूर्वीं सावकाराच्या अगर भाऊबंदाच्या हातीं पडण्याचें भय होतें. मजुरानें आपला हक्क सोडल्याचा करार निरर्थक ठरविला. परस्पर तडजोड झाली तर तिची नोंद कमिशनरपुढें करण्याची अट घातली, म्हणजे आंगठा घेऊन थोडक्यांत बोळवण होऊं नये. परंतु मागणी सहा महिन्यांच्या आंत केली पाहिजे, अशीही अट होती. कोंकणांतील गांवीं परतलेल्या, लिहितां न येणाऱ्या माणसास सहा महिने म्हणजे काय, हें ज्यांनीं तो प्रांत पाहिला आहे त्यांस सांगावयास नको.

सर्वांत मोठा वाद झाला तो मजुराच्या वर्तनासंबंधानें. मजूर नशेंत होता, त्यानें सुरक्षिततेचा हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा यंत्राचें कुंपण मुद्दाम काढलें, असें सिद्ध झाल्यास मालकाची सुटका होई. १८८१ सालीं मजुराच्या रक्षणासाठीं आलेलें कुंपण याप्रमाणें १९२४ नंतर कांहीं प्रसंगीं त्याच्याविरुद्ध साक्ष देऊं लागलें. कुंपण साफसफाईसाठीं रोजच काढावें लागे, जॉबर तें पाही व बोलत नसे. पण अपघाताच्या दिवशीं तेंच मजुराचें मुद्दाम केलेलें कृत्य ठरण्याचा संभव असे. व्हिटले कमिशनचा अहवाल १९३१ सालीं प्रसिद्ध झाला, ना. म. जोशी हे त्या कमिशनचे एक सभासद होते. त्यानंतरच्या १९३३ च्या दुरुस्तीनें ही सबब मृत्यूच्या बाबतींत काढून टाकली, आणि अपघातीं मृत्यूची हकीकत मालकाकडून मागविण्याचा अधिकार कमिशनरास दिला. खबर व भरपाई या दोन वाटा येथें प्रथम एकत्र आल्या: विधवेनें मागणी केली नाहीं तरी कमिशनरास विचारणा करतां येऊं लागली.

यंत्राच्या बाजूनें १९४८ चा फॅक्टरी कायदा पुष्कळ पुढें गेला. चालू यंत्राची सफाई स्त्रिया व अल्पवयी मुलें यांजकडून करून घेण्यास त्यानें बंदी केली, व कापूस फोडण्याचें यंत्र चालू असलेल्या भागांत स्त्रिया व मुलें यांस कामास लावण्यासंबंधानें स्वतंत्र कलम घातलें. त्याच वर्षीं कामगार राज्य विम्याचा कायदा झाला व १९५४ सालीं ती योजना मुंबईंत लागू झाली. या योजनेनें कायमच्या अपंगत्वाबद्दल एकरकमी पैशाऐवजीं ठराविक मुदतीनें मिळणारी, जन्मभर चालणारी रक्कम दिली. जन्माच्या अपंगास निर्वाहाची तजवीज, हा १८८४ च्या अर्जांतील मागणीचा उत्तरार्ध. त्यास सत्तर वर्षें लागलीं.

कोष्टकाचा दोष मात्र पुढेंही जाणवत राहिला. हाताची किंमत हातावर नव्हे, तर त्या हाताच्या धंद्यावर अवलंबून असते. लेखनिकाची करंगळी व विणकराची करंगळी कोष्टकांत सारखी, पण धाग्याची गांठ मारणारास ती सारखी नाहीं. या संबंधानें १९७५ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचा उल्लेख करणें योग्य होईल. ओरिसांतील एका सुताराचा डावा हात कोंपराच्या वर कापावा लागला होता. एका हातानें सुतारकाम होत नाहीं, म्हणून तो पूर्णपणें अपंग झाला, असें कमिशनरनें ठरविलें होतें. तें न्यायालयानें उचलून धरलें. शिवाय भरपाईचें देणें कमिशनरच्या निकालापासून नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासूनच मालकावर येतें, असा निर्णय देऊन उशीर करणाऱ्या मालकावरील दंड व व्याजही कायम केलें. १९२३ चा कायदा पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत समाविष्ट करण्यांत आला. परंतु कामामुळें झालेल्या इजेचा बोजा मजुरानें एकट्यानें वाहूं नये, हें त्यांतील मूळ तत्त्व तसेंच राहिलें.

७

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. १८८१ सालीं राज्यानें अपघाताची खबर मागितली, कारण त्यास यंत्रावर नजर ठेवावयाची होती. १८८४ सालीं मजुरांनीं त्याच अपघाताकडे दुसऱ्या बाजूनें पाहिलें व निर्वाह मागितला, कारण त्यांस जगावयाचें होतें. पहिली दृष्टि कायद्यांत लगेच आली. दुसरीस यावयास चाळीस वर्षें लागलीं, आणि तीही अर्धी आली. मजूर-कायद्यांचा इतिहास सांगतांना शाफ्ट्सबरी, मँचेस्टर व जिनीव्हा यांचीं नांवें घेतलीं जातात, व तीं घेणें चूक नाहीं. परंतु दोष सिद्ध न करतां भरपाई, हें त्या कायद्याचें मुख्य तत्त्व मुंबईंतील मजुरांच्या अर्जांत अगोदरच लिहिलेलें होतें, ही गोष्ट त्या नांवांबरोबर सांगितली गेली पाहिजे.

संशोधकांपुढें आणखीही काम आहे. फॅक्टरी-खात्याचे वार्षिक अहवाल, कमिशनरांपुढील निकाल आणि बंद पडलेल्या गिरण्यांचीं हजेरीपुस्तकें व अपघातवह्या हीं या इतिहासाचीं अस्सल साधनें होत. १९८२ च्या संपानंतर मुंबईंतील गिरण्या एकामागून एक बंद झाल्या व त्यांच्या जागीं दुसऱ्या इमारती उभ्या राहिल्या. यंत्रें भंगारांत गेलीं. त्यांबरोबर वह्याही गेल्या असल्यास नवल नाहीं. एखाद्या देशमुखाच्या वाड्यांतील रुमाल वाळवीच्या तोंडून सोडविण्यासाठीं आपण जितकी धांवपळ करतों, तितकी या वह्यांसाठीं केली पाहिजे. त्यांतील प्रत्येक ओळींत तारीख, खातें, यंत्राचें नांव आणि शरीराचा एक भाग लिहिलेला असावा. त्या ओळीपुढें कोणास काय मिळालें हा रकाना भरलेला आहे कीं कोरा, हें तपासल्याशिवाय या हिशेबाची शेवटची बेरीज करतां येणार नाहीं.